साल्व्हातोर रोझाचा कडा आणि वेरूळची लेणी

इ. स. १८०३ मध्ये लंडन येथे वेरूळच्या लेण्यांची चोवीस मोठी चित्रे प्रसिद्ध झाली. मूळ रेखाटने जेम्स वेल्स ह्या स्कॉटिश चित्रकाराची असून ती थॉमस डॅनियल ह्याच्या देखरेखीखाली ताम्रपटावर उतरविण्यात आली होती. युरोपातील सुशिक्षित वाचकाला वेरूळचे प्रथम सविस्तर दर्शन ह्याच संग्रहाने घडविले. पुढे अनेक वर्षे लेण्यांच्या तत्कालीन स्थितीचा पुरावा म्हणूनही अभ्यासक ह्या चित्रांकडे पाहत आले आहेत. परंतु ही चित्रे पुरावा म्हणून वापरण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे अवश्य आहे. त्यांत दिसणारा काळोखा पुरोभाग, कड्यावरून झुकलेली झाडे, फुटक्या शिळांजवळ बसलेली इवली माणसे आणि मागचे ढगाळ आकाश ह्यांपैकी वेरूळचे किती आणि चित्रकाराने बरोबर आणलेले किती?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे वाट मराठवाड्यातून निघून पुणे, मुंबई व लंडनमार्गे सतराव्या शतकातील नेपल्स आणि रोम ह्या शहरांपर्यंत जाते. त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाशी साल्व्हातोर रोझा हा इटालियन चित्रकार उभा आहे. वेरूळच्या कड्याचे त्याने नावही ऐकले नसेल. तरीही ‘भयाण कडा’ कसा रंगवावा हे युरोपाने ज्यांच्यापासून शिकून घेतले त्यांत त्याचे स्थान पहिले आहे.

रोझाचा जन्म १६१५ मध्ये नेपल्सनजीकच्या आरेनेल्ला ह्या गावी झाला. वडील भूमापनाचा व्यवसाय करीत. मुलाने विद्या शिकून प्रतिष्ठित पेशा पत्करावा अशी त्यांची इच्छा होती. पण आजोळी चित्रकला होती आणि बहिणीचा विवाह फ्रांचेस्को फ्राकांझानो ह्या चित्रकाराशी झाला होता. रोझाचे आरंभीचे धडे ह्या घरगुती वातावरणातच झाले. फ्राकांझानो हा होसे दे रिबेरा ह्या स्पॅनिश चित्रकाराच्या प्रभावळीतला. रिबेरा नेपल्समध्ये स्थायिक झालेला होता आणि सुरकुतलेली कातडी, मळलेली वस्त्रे, अर्ध्या अंधारातून पुढे येणारे वृद्ध चेहरे ही त्याच्या चित्रांची ओळख होती. रोझाने ह्या परंपरेतून घेतलेली मुख्य गोष्ट म्हणजे काळोख. पुढे त्याने माणसांऐवजी खडक रंगविले तेव्हा खडकांनाही तोच खरबरीत पोत आणि तीच छाया लाभली. रिबेराच्या वृद्ध तपस्व्याच्या कातडीत आणि रोझाच्या वठलेल्या झाडाच्या सालीत एक नाते आहे, ते ह्यामुळे.

दुसरा संस्कार आनिएल्लो फाल्कोने ह्याचा. फाल्कोने युद्धचित्रांसाठी प्रसिद्ध होता. त्याच्या सहवासात रोझाला घोडे, शस्त्रे, धावपळ आणि धूळ ह्यांचे रेखाटन अवगत झाले. शिवाय मोठ्या दृश्यात लहान माणसे कशी पेरावी ह्याचेही ज्ञान मिळाले. विसाव्या वर्षाच्या सुमारास तो रोमला गेला. तेथे उत्तर युरोपातून आलेल्या चित्रकारांची एक वसाहतच होती. पीटर व्हान लार आणि त्याचे अनुयायी रस्त्यावरील भिकारी, लोहार, वाटमारे असले विषय लहान चित्रांत रंगवीत. बड्या आश्रयदात्यांनी ही चित्रे आनंदाने विकत घेतली आणि पंडितांनी त्यांना नावे ठेवली. रोझाने दोन्ही केले. आपल्या उपरोधपर काव्यात त्याने ह्या मंडळींवर टीका केली आणि त्यांच्याच विषयांतले सैनिक व वाटमारे आपल्या कड्यांखाली आणून बसविले.

सन १६४० ते १६४९ ह्या काळात तो फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या आश्रयाला होता. त्या वेळची त्याची बंदरांची दृश्ये पाहिली तर तिसऱ्या एका चित्रकाराची छाप उघड दिसते. हा क्लोद लोरँ. जन्माने लॉरेन प्रांतातला, पण कर्तृत्वाने रोमचा. पाण्यावर पसरलेले सोनेरी ऊन, दोन्ही बाजूंस राजवाडे किंवा वृक्ष, मधून दूर क्षितिजाकडे जाणारी दृष्टी हा क्लोदचा रचनाबंध. रोझाने तो उचलला, काही काळ वापरला आणि नंतर आतून बदलून टाकला. क्लोदच्या चित्रात बाजूचे झाड हे रंगभूमीवरील विंगेसारखे सौम्यपणे उभे असते. रोझाच्या चित्रात ते वीज पडून फाटलेले असते. क्लोदची नजर दूर जाऊन विसावते; रोझाच्या चित्रात कडा आडवा येऊन ती अडवितो. चौकट एकच, पण एकाने तिच्यातून शांती दाखविली आणि दुसऱ्याने भीती.

रोमला परतल्यावर, म्हणजे १६४९ नंतर, निकोला पूसँ ह्याच्या विचारप्रधान चित्रांनी त्याला ओढून घेतले. आता त्याच्या निसर्गात तत्त्वज्ञ, संन्यासी, पुराणकथांतील पात्रे आली. लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात त्याचे १६६३ च्या सुमाराचे एक चित्र आहे. त्याचा विषय मराठी मुलांच्या पाठ्यपुस्तकांतून घरोघरी ठाऊक झालेला आहे: पाण्यात पडलेली कुऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड दाखविणारा देव आणि लाकूडतोड्या. रोझाने मात्र अप्रामाणिक लाकूडतोड्याचा प्रसंग निवडला आहे. चित्रासमोर उभे राहिले असता देव आणि लाकूडतोड्या लगेच सापडत नाहीत. वर वाकलेले प्रचंड वृक्ष आणि काळवंडलेले पाणी हेच आधी दिसते. कथा निमित्तमात्र झाली आहे. गंमत अशी की, रोझाला स्वतःला हे मान्य नव्हते. आपण इतिहासचित्रकार व तत्त्वचिंतक आहोत, निसर्गचित्रे हा आपला किरकोळ उद्योग आहे, असे त्याचे आग्रहाचे म्हणणे असे आणि कोणी केवळ निसर्गदृश्य मागितले तर तो रुष्ट होई. काळाने त्याच्या म्हणण्याकडे लक्ष दिले नाही.

ह्या सर्व उसनवारीत त्याचे स्वतःचे काय, असे कोणी विचारील. १६६२ मध्ये मध्य इटलीच्या डोंगराळ भागातून केलेल्या प्रवासाचे वर्णन त्याने आपला मित्र रिच्चार्दी ह्याला लिहिलेल्या पत्रात केले आहे. तेर्नी येथील धबधबा पाहून वाटलेली भीती आणि सौंदर्याचा प्रत्यय ह्या दोहोंना त्या पत्रात त्याने एकत्र बांधले. भयंकर तेच सुंदर असू शकते, ही जाणीव त्याच्या काळात विरळ होती. तिचे सिद्धांतात रूपांतर करण्यास एडमंड बर्कचा उदात्ततेवरील ग्रंथ निघेपर्यंत, म्हणजे १७५७ पर्यंत, वाट पाहावी लागली. रोझाने ते आधी रंगवून ठेवले होते. १६७३ मध्ये रोम येथे त्याचा अंत झाला.

मृत्यूनंतर रोझाची कीर्ती सर्वांत अधिक वाढली ती इंग्लंडमध्ये. इटलीची यात्रा करून येणारे इंग्रज उमराव क्लोद, रोझा आणि पूसँचा मेहुणा गास्पार द्युघे ह्या तिघांची चित्रे मोठ्या प्रमाणावर घरी आणीत. होरेस वॉलपोल १७३९ मध्ये आल्प्स पर्वत ओलांडीत असता घरी लिहिलेल्या पत्रात त्याने पर्वताच्या वर्णनादाखल रोझाचे नावच घालून दिले. मूळ चित्रे ज्यांना परवडत नसत त्यांच्यासाठी मुद्रिते होती. रोझाने स्वतः १६५६-५७ च्या सुमारास सैनिकांच्या व इतर आकृतींच्या साठ-बासष्ट लहान मुद्रितांची एक मालिका काढली होती; निसर्गचित्रात माणसे घालावयाची वेळ आली की पुढचे चित्रकार तिच्यातून बेलाशक आकृती उचलीत. क्लोदच्या रेखाटनांच्या वहीची मुद्रिते १७७७ मध्ये निघाली. १७८२ मध्ये विल्यम गिल्पिन ह्याने वाय नदीच्या प्रवासावरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले आणि कोणते दृश्य ‘चित्रोपम’ म्हणजे चित्रात शोभेल असे मानावे ह्याचे नियम सामान्य प्रवाशाच्याही हाती आले. हौशी मंडळी काळसर बहिर्गोल आरसा खिशात बाळगून हिंडत आणि निसर्गाकडे पाठ करून त्यातले प्रतिबिंब न्याहाळीत, कारण आरशातले दृश्य क्लोदच्या चित्रासारखे दिसे. ह्या आरशाला क्लोदचेच नाव पडले होते. निसर्गाकडे पाठ करून निसर्ग पाहण्याची ही पद्धत हास्यास्पद खरी, परंतु पुढे जे घडले त्याचे ह्याहून चांगले प्रतीक सापडणे कठीण आहे.

रोझाविषयीच्या दंतकथांनीही ह्या अभिरुचीला खतपाणी घातले. तो तरुणपणी दरोडेखोरांच्या टोळीत राहिला आणि नेपल्सच्या १६४७ च्या बंडात शस्त्र घेऊन लढला, असे मोठ्या विश्वासाने सांगितले जाई. १८२४ मध्ये लेडी मॉर्गन हिने लिहिलेल्या चरित्राने तर ह्या कथांना ग्रंथाचे वजन दिले. वस्तुतः बंडाच्या वर्षी रोझा फ्लॉरेन्समध्ये होता. परंतु कडा रंगविणारा माणूस कड्यातच राहिलेला असला पाहिजे, अशी वाचकांची गरज होती.

हा सर्व ऐवज घेऊन इंग्रज चित्रकार हिंदुस्थानात आले. विल्यम हॉजेस १७८० ते १७८३ ह्या काळात येथे होता. त्याचा गुरू रिचर्ड विल्सन इटलीत राहून क्लोद व द्युघे ह्यांची पद्धत शिकून आला होता; त्यामुळे हॉजेसच्या गंगाकाठच्या चित्रांना रोमची चौकट वारशानेच मिळाली. थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे १७८६ मध्ये कलकत्त्यास उतरले आणि सात वर्षे हिंडून १७९३ मध्ये मुंबईस पोहोचले. मुंबईत त्यांची गाठ पडली ती वेल्सशी.

जेम्स वेल्स हा १७४७ मध्ये स्कॉटलंडमधील पीटरहेड येथे जन्मला. १७९१ मध्ये तो मुंबईस आला आणि पुढील वर्षी पुण्यास. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट ह्याने त्याला आश्रय मिळवून दिला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस ह्यांचे एकत्र चित्र, जे आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे, ते ह्याच वेल्सचे होय. पण व्यक्तिचित्रे हे त्याचे उपजीविकेचे साधन होते. मन गुंतले होते ते लेण्यांत. घारापुरी, कार्ले, कान्हेरी ही लेणी त्याने रेखाटली. पेशव्यांच्या अनुमतीने शनिवारवाड्यात एक चित्रशाळाही त्याच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाली. पाश्चात्त्य पद्धतीने रेखाटन शिकविण्याचा महाराष्ट्रातील हा फार प्रारंभीचा प्रयत्न होय. मुंबईचे जमशेटजी जिजीभाई कलाविद्यालय निघाले ते ह्यानंतर साठ वर्षांहून अधिक काळाने, १८५७ मध्ये.

ह्या चित्रशाळेशी संबंधित असलेल्या मराठी कलावंतांत गंगाराम चिंतामण तांबट ह्याचे नाव अग्रभागी येते. आडनावावरूनच घराण्याचा व्यवसाय कळतो. तांब्याचा पत्रा ठोकून त्याला आकार देणाऱ्या, भांड्याच्या कडेची गोलाई केवळ डोळ्याने जोखणाऱ्या कारागिरांचे हे कुळ. गंगारामला वेल्सने घडविले असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तेथील गेंड्याचे गंगारामचे मानले जाणारे चित्र १७९० चे आहे, आणि त्या वर्षी वेल्सने हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊलही ठेवले नव्हते. म्हणजे मॅलेटसाठी गंगारामचे काम वेल्सच्या आधीच सुरू झाले होते. प्राण्याच्या कातडीच्या घड्या, मापे, अंगाची ठेवण न्याहाळून जसेच्या तसे उतरविणारा हात त्याच्यापाशी होता. वेल्सच्या सहवासात त्यात भर पडली ती यथार्थदर्शनाच्या नियमांची आणि शाईच्या पातळ छटांनी खोली दाखविण्याच्या युक्तीची. हा भेद लहान वाटेल, पण पुढील सर्व विवेचन त्याच्यावर उभे आहे.

गंगारामने वेरूळची रेखाटने केली ती १७९३ ते १७९५ ह्या अवधीत. मॅलेटने १७९४ मध्ये वेरूळच्या लेण्यांचे जे वर्णन लिहून पाठविले, आणि जे कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात छापले गेले, त्यासोबतच्या चित्रांना आधार ह्याच रेखाटनांचा होता. मॅलेटचे वर्णन आजही वाचनीय आहे. लेणी केव्हा कोरली गेली, ह्याविषयी त्याला दोन माहितगारांनी दोन उत्तरे दिली. एकाने सुमारे ९०० वर्षांपूर्वी असे सांगितले, तर दुसऱ्याने द्वापरयुगापासून हिशेब मांडून ७,८९४ हा आकडा दिला. मॅलेटने दोन्ही नोंदवून ठेवले. कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळचे, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धातले, हा निर्णय पुढे शिलालेख व ताम्रपट ह्यांच्या अभ्यासातून झाला. हे पाहता पहिला माहितगार सत्याच्या बराच जवळ होता.

वेल्स स्वतः १७९५ मध्ये वेरूळला गेला. ते वर्ष दख्खनला स्वस्थतेचे नव्हते. मार्चमध्ये खर्ड्याची लढाई झाली. ऑक्टोबरमध्ये सवाई माधवरावांचा शनिवारवाड्यातील दुर्घटनेत अंत झाला. आणि नोव्हेंबरमध्ये वेल्स साष्टी बेटावरील लेण्यांचे काम करीत असता तापाने मरण पावला. चित्रशाळेचा आश्रयदाता आणि तिचा गुरू दोघेही एका महिन्याच्या आत गेले. वेल्सची रेखाटने लंडनला गेली. तेथे ती ताम्रपटावर उतरविण्याचे काम ज्या थॉमस डॅनियलने अंगावर घेतले, त्याने वेरूळ पाहिलेले नव्हते.

चित्रांतील काय विश्वसनीय आणि काय नाही, ह्याची किल्ली येथे सापडते. रेखाटनात चित्रकार प्रत्यक्ष जागेवर जेवढे टिपतो तेवढेच असते. कमान, खांब, मूर्तींची जागा, खडकाची कड ह्या गोष्टी त्यात बहुधा ठरलेल्या असतात. परंतु ताम्रपटावर काम करणाऱ्याला कागदाचा कोपरान् कोपरा भरावा लागतो. आकाशात काय आहे? वरच्या कड्यावर कोणते झाड? पुरोभागात सावली कोठून येते? जेथे डोळ्याने पाहिलेले संपते तेथे हाताची सवय पुढे सरसावते, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज हाताची सवय म्हणजे क्लोद, द्युघे आणि रोझा. डॅनियलचे ॲक्वाटिंट मुद्रण तर ह्या सवयीला विशेष पोषक होते. त्यात रेषेपेक्षा छटांचे महत्त्व अधिक. अम्लाने खाल्लेल्या ताम्रपटावर राखी, तपकिरी थर एकावर एक चढत जातात आणि अंधार आपोआप गहिरा होतो.

वेरूळची जागाही ह्या पद्धतीला जणू स्वतः होऊन सामोरी येते, हे विसरून चालणार नाही. पश्चिमेकडे तोंड केलेला, सुमारे दोन किलोमीटर लांबीचा कडा; त्यात चौतीस लेणी; पावसाळ्यात वेळगंगेचा प्रवाह कड्यावरून खाली झेप घेतो ती जागा धुमार लेण्यालगतच. कडा, गुहा, धबधबा आणि झुडपे ही सामग्री रोझाच्या चित्रात असते तीच. पुण्याहून किंवा मुंबईहून येणाऱ्या इंग्रज प्रवाशाला येथे परके वाटत नसे. उलट पूर्वी कोठे तरी पाहिलेलेच आपण पाहत आहोत असे त्याला वाटे. रोझाच्या कड्याखाली बसलेला संन्यासी वेरूळमध्ये शोधावाही लागत नसे, कारण बैरागी आणि जोगी लेण्यांत खरोखरच मुक्काम करीत. म्हणून डॅनियलच्या मुद्रितांतील जोगी खोटा आहे असे म्हणता येत नाही. तो खरा असला तरी त्याला निवडले आहे ते रोझाच्या नजरेने. त्याच लेण्यांत येणारे यात्रेकरू, गुराखी, घृष्णेश्वराचे दर्शन घेऊन डोंगराकडे वळलेली कुटुंबे ह्यांना तेवढे महत्त्व मिळालेले नाही.

गंगारामची रेखाटने ह्यांच्या शेजारी ठेवली तर फरक चटकन लक्षात येतो. लेणे बहुधा समोरून, आपल्या पूर्ण रुंदीनिशी येते. खांब मोजता येतात. छटा आहेत, पण त्या आतली खोली दाखविण्यापुरत्या. भीती उत्पन्न करण्याचे काम त्यांना दिलेले नाही. यथार्थदर्शन कोठे कोठे अडखळते, मूर्तींची प्रमाणे कधी चुकतात, आणि निसर्गचित्र म्हणून पाहिले तर ही चित्रे डॅनियलच्या मुद्रितांपुढे फिकी पडतील ह्यात शंका नाही. तथापि ह्या खांबावर कोणते नक्षीकाम होते, ह्या दालनात मूर्ती कोणत्या क्रमाने होत्या, असे प्रश्न ज्याला पडतात त्याने आधी गंगारामकडे जावे. तांबटाच्या हाताला बाह्यरेषेची शिस्त असते. भांड्याची कड चुकली तर झाकण बसत नाही. तेथे वातावरणनिर्मितीने भागत नाही. परक्या पद्धतीतून जे आपल्या कामाला उपयोगी ते त्याने घेतले आणि उरलेले घेतले नाही. हा त्याचा विचारपूर्वक नकार होता की केवळ अंगवळणाचा परिणाम होता, हे चित्रांवरून ठरविण्याचे कारणही नाही. संस्कार स्वीकारणाऱ्याची स्वतःची पूर्वतयारी काय होती ह्यावर संस्काराचे फळ अवलंबून असते, एवढे मात्र ह्या उदाहरणात स्पष्ट दिसते. रोझानेही क्लोदची चौकट रिबेराच्या काळोखात बुडवूनच आपलीशी केली होती.

ह्या चित्रपद्धतीची दुसरी बाजू पाहावयाची असेल तर वेरूळहून गोदावरीच्या खोऱ्याने खाली, परभणी जिल्ह्यात यावे. डॅनियल चुलत्या-पुतण्यांच्या सुप्रसिद्ध संग्रहात वेरूळची चोवीस धरून एकंदर १४४ चित्रे आहेत. गोदावरी, पूर्णा आणि दुधना ह्यांच्या मधल्या काळ्या मातीच्या पठाराचे एकही चित्र त्यांत नाही. प्रवासाचे मार्ग इकडून गेले नाहीत हे एक कारण. परंतु येथे कोणी येता तरी त्याने काय केले असते? ह्या भूमीत दृष्टी अडविणारा कडा नाही, आणि क्लोदच्या पद्धतीने तिला बाजूने सावरून धरणारे वृक्षही विरळ. ज्वारीच्या शेतावर अर्ध्याहून अधिक आकाश, ढेकळांची काळी पट्टी आणि दूर एखादे लिंबाचे झाड, एवढ्यावर रोमची चौकट उभी राहत नाही. उत्तरेस जिंतूरच्या डोंगरात नेमगिरीची जैन लेणी आहेत. ती ठेंगणी आणि अंतर्मुख. आत वाकून शिरावे लागते आणि जे पाहण्यासारखे आहे ते सर्व आतच. बाहेरून भव्य दिसण्याचा त्यांचा हेतूच नाही. चारठाण्याच्या मंदिरांचीही गत तीच: शिल्प आहे, पण त्यांच्या मागे उभा राहणारा डोंगर नाही. एखाद्या प्रदेशाची चित्रे जुन्या संग्रहांत नाहीत म्हणून तेथे पाहण्यासारखे काही नव्हते, असा निष्कर्ष जिल्ह्यांच्या वर्णनांतून नकळत काढला जातो. त्या गैरहजेरीचे एक कारण सतराव्या शतकातील रोमच्या अभिरुचीतही आहे.

मुद्रितांचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. जॉन सीली हा कंपनीच्या सैन्यातील अधिकारी १८१० मध्ये मुंबईहून मुद्दाम वेरूळ पाहण्यास निघाला. त्याने लिहिलेले वेरूळचे विस्तृत पुस्तक १८२४ मध्ये, म्हणजे लेडी मॉर्गनच्या रोझाचरित्राच्याच वर्षी, लंडनला छापले गेले. त्यातले विस्मयाचे उद्गार वाचताना मुद्रितांतल्या सावल्या शब्दांत उतरल्यासारख्या वाटतात. त्यानंतर वारे बदलले. जेम्स फर्ग्युसनने लेण्यांच्या रेखाटनांसाठी कॅमेरा ल्युसिडा हे प्रतिबिंब कागदावर पडल्याचा भास घडविणारे उपकरण वापरले आणि आपला चित्रसंग्रह १८४५ मध्ये काढला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करणारा रॉबर्ट गिल पुढे छायाचित्रणाकडे वळला. १८८३ मध्ये जेम्स बर्जेसचा वेरूळवरील अहवाल आला. त्यात लेण्यांचे आराखडे, मोजमापे आणि शिल्पांचे तपशील आहेत, पण वादळी आकाश नाही. गंगारामची रेखाटने ज्या मार्गाने चालली होती त्याच मार्गाने संशोधन पुढे गेले. फक्त त्या मार्गाच्या आरंभी त्याचे नाव कोणी लिहिले नव्हते. १८०३ च्या संग्रहाच्या शीर्षपृष्ठावर वेल्स आहे, डॅनियल आहे, गंगाराम नाही.

तेव्हा ह्या चित्रांचा ऐतिहासिक साधन म्हणून उपयोग करणाऱ्याने डॅनियलच्या मुद्रितातील प्रत्येक भागाला सारखेच वजन देऊ नये. लेण्याची रचना पाहावी आणि ती बर्जेसच्या आराखड्याशी ताडून घ्यावी. कड्यावरचे झाड, पुरोभागातील ढासळलेली शिळा व आकाश ह्यांच्यावरून तत्कालीन पडझडीविषयी किंवा वनस्पतींविषयी अनुमान काढताना थांबावे. विशेषतः भग्नतेबाबत सावधगिरी हवी, कारण मोडलेला खांब हा चित्रोपमतेच्या पुरस्कर्त्यांचा लाडका अलंकार होता आणि तो जेथे नसे तेथेही घातला जाई. गंगारामचे रेखाटन उपलब्ध असेल तेथे तेच प्रथम पाहावे.

मॅलेट १७९७ मध्ये पुण्याहून गेला आणि आपल्यासाठी केलेली रेखाटनेही घेऊन गेला. वेल्सची कन्या सुझाना हिच्याशी त्याने १७९९ मध्ये विवाह केला, त्यामुळे सासऱ्याचे कागद आणि आपला संग्रह असे दोन्ही एकाच घरात राहिले. पेशव्यांच्या दरबारात १७९० मध्ये झालेल्या तहाचे जे मोठे तैलचित्र वेल्सने योजिले होते ते थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पुरे केले. २००७ पासून ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. गंगारामची अनेक रेखाटने अमेरिकेतील न्यू हेवन येथे, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात पोहोचली. २०११ मध्ये त्या केंद्राने भरविलेल्या प्रदर्शनात ती त्याच्या नावानिशी मांडण्यात आली. वेल्सची दैनंदिनीही तेथेच आहे.